ठेवणे आणि राखणे

एखादी वस्तू आपल्यापाशी असणे आणि ती आपण राखणे, या दोन गोष्टी व्यवहारात एकच समजल्या जातात. परंतु विचाराअंती त्या भिन्न आहेत असे दिसून येईल. ठेवण्यास जागा लागते, राखण्यास वेळ लागतो. ज्या वस्तूचा नित्य उपयोग संपला, पण जी टाकून देण्यास मन धजत नाही, तिच्याविषयी आपले काही कर्तव्य उरते काय? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि आपल्या पुष्कळशा थोर भावनांचे खरेखोटेपण त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून एका अगदी साध्या, लोखंडी उदाहरणावरून त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. ते उदाहरण म्हणजे जुनी मोटार व तिची बॅटरी.

बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर २०१४ साली बंद झाली. मुंबईत कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी तिच्याही आधी थांबली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती; वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी होताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळीपिवळी मूर्ती अधिकृतपणे अस्तंगत झाली. त्या वेळी निदान एक तरी गाडी वस्तुसंग्रहालयात ठेवावी अशी मागणीही झाली. आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातसुद्धा एखाद्या संत्राबागाइतदाराच्या वाड्यात, वडिलांची आठवण म्हणून, अशी गाडी ताडपत्रीखाली उभी असते. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे योजिली. मात्र अशा नोंदणीचे वाहन नित्याच्या वा धंद्याच्या कामी वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावे, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते बाहेर काढावयाचे. सारांश, उभे राहणे हाच आता त्या गाडीचा नित्यक्रम होय.

आता उभे राहणे म्हणजे विसावा, अशी आपली समजूत असते. बॅटरीच्या बाबतीत ती सर्वस्वी चुकीची आहे. शिशाची बॅटरी गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनविली. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असून प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. कप्प्यातील दोन प्रकारच्या पट्ट्या भिन्न असतात, म्हणूनच वीज संभवते. एकाच देहात दोन तत्त्वे नांदावीत, हे अर्धनारीश्वराच्या गावच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. बॅटरी उतरू लागली म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्लाचे पाणी होऊ लागते. अशा स्थितीत ती महिनोगणती पडून राहिली की ते सल्फेट कठीण होते, आणि मग कितीही चार्जिंगला लावली तरी तिची पूर्वीची ताकद परत येत नाही. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हाळ्यात हे उतरणे अधिकच वेगाने होते. म्हणजे जिला कोणी हात लावला नाही, तीच आधी मरते. हानी करण्यास काही करावेच लागते असे नाही, हा पहिला बोध.

यावर सामान्य उपाय काय केला जातो? दसऱ्यास गाडीवरची ताडपत्री काढतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. मग सेल्फ मारून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात, हॉर्न वाजवितात आणि पुन्हा ताडपत्री ओढतात. सर्वांस समाधान वाटते. वस्तुतः घडते असे की, सेल्फ मारताना बॅटरीतून मोठा प्रवाह खर्च होतो, आणि जुन्या गाडीचा डायनामो मंद फिरणाऱ्या इंजिनावर जवळजवळ काहीच भरून देत नाही. पूजेने घेतले, परंतु दिले काहीच नाही. भरपाई व्हावयाची तर गाडी चांगली अर्धा-पाऊण तास रस्त्यावर धावावी लागते, अथवा महिन्याकाठी बॅटरी चार्जरला लावावी लागते. पूजेत दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पूजेने निगेची जागा घेतली, हा दोष आहे.

येथे आम्हांस घरातील वृद्धांचे स्मरण होते. नागपूर-पुण्यास नोकरीस गेलेली मुले पोळ्यास व दिवाळीस गावी येतात. आई पहाटे उठून पुरण वाटते, अंथरुणे काढते, नातवंडांचे लाड पुरविते. चार दिवस घर गजबजते. मुले समाधानाने परततात, आणि आई आठवडाभर अंथरूण धरते. त्या चार दिवसांत तिच्यापासून किती घेतले व तिला किती दिले, याचा हिशेब कोणी केला? भेट खोटी नव्हती, प्रेमही खोटे नव्हते. परंतु तिचे दुखणे काय, औषध वेळेवर मिळते काय, रात्री झोप लागते काय, हे मात्र पाहिले गेले नाही.

पाहण्याचीही एक रीत असते. बॅटरी तपासताना, चार्जरवरून काढताक्षणी मोजू नये. तेव्हाचा आकडा फसवा असतो. काही तास जाऊ द्यावे. मग १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली, १२.२ आला तर निम्मी समजावी. हायड्रोमीटरने सहाही कप्पे निरनिराळे पाहावे. भरलेल्या कप्प्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२७ भरते. पाच कप्पे उत्तम आणि एक दुबळा असला, तर सारी बॅटरी दुबळीच ठरते. कुटुंबाचे व गावाचेही असेच आहे. स्वस्थ असता आकडा चांगला दिसूनही, सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली गेला तर ती बॅटरी निकामी होत चालली म्हणावे. ओझ्याखालची परीक्षा हीच खरी परीक्षा. पट्ट्या उघड्या पडण्यापूर्वी शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी घालावे. विहिरीचे वा नळाचे क्षारयुक्त पाणी घालू नये. जवळ विडी-काडी पेटवू नये, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. गाडीच्या सांगाड्यास जोडलेली तार काढताना प्रथम काढावी व जोडताना शेवटी जोडावी. काही जुन्या इंग्रजी घडणीच्या गाड्यांत ती धन बाजूची असते, म्हणून आधी नीट पाहून घ्यावे.

कोणी विचारील, जुन्या यंत्रासाठी एवढा खटाटोप म्हणजे मोह नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. मोह आणि जबाबदारी यांत भेद करण्याची आमच्या मते एक खूण आहे. मोहाला आकडा पाहवत नाही. जबाबदारी आकडा पाहते आणि मानते. बॅटरी कायमची बसली आहे असे दिसले, तर तिला निरोप देणे हाही राखण्याचाच भाग आहे. मात्र तो निरोप कसा द्यावयाचा, याचाही धर्म आहे. आम्ल नाल्यात ओतणे म्हणजे आपल्या आठवणीचे विष दुसऱ्याच्या विहिरीत घालणे होय. शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूस ते विशेष घातक ठरते. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. ती गोळा करून नीट पुनर्वापरात नेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. चार रुपये अधिक मिळतात म्हणून ती उघड्यावर फोडणाऱ्याच्या हाती देऊ नये. आपल्या वडिलांची स्मृती जपताना दुसऱ्याचे मूल आजारी पडत असेल, तर ती स्मृती वडिलांना खचित रुचणार नाही.

तात्पर्य, ज्यास राखण्याची तयारी नाही त्याने ठेवण्याचा अभिमान बाळगू नये; अशी वस्तू निगा घेणाऱ्याच्या स्वाधीन करणे हेच उचित. आणि ज्यांना कोणाच्याही स्वाधीन करता येत नाही, ती तर आपलीच माणसे; त्यांच्याकडे सणाची वाट न पाहता महिन्याकाठी तरी लक्ष द्यावे, एवढीच वाचकांस विनंती.