कावेरीचे पाणी, इंग्रजी कागद

सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी कावेरीच्या पाणीवाटपाचा निकाल दिला. कर्नाटकाने तमिळनाडूला दर वर्षी, दोन राज्यांच्या सीमेवर बिळीगुंडलू येथे मोजून, १७७.२५ टीएमसी पाणी द्यायचे ठरले. २००७ साली लवादाने हाच आकडा १९२ धरला होता. वाटपाच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने सहा आठवड्यांत एक 'स्कीम' आखावी, असेही निकालात होते. सहा आठवडे उलटले आणि ३१ मार्चला केंद्र सरकार न्यायालयात गेले ते एक प्रश्न घेऊन : स्कीम म्हणजे काय? लवादाने सांगितलेले व्यवस्थापन मंडळच नेमायचे, की दुसरे काही केले तरी चालेल? कर्नाटकात निवडणूक तोंडावर आहे, या कारणाने तीन महिन्यांची मुदतही मागितली गेली.

इकडे तंजावूर, तिरुवारूर, नागपट्टणम या त्रिभुज प्रदेशातल्या जिल्ह्यांत कमी मुदतीच्या कुरुवै भाताची तयारी व्हायची होती. मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि कुरुवैचा सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो. पाणी उशिरा आले की कुरुवै बुडते आणि शेतकरी लांब मुदतीच्या सांबा भातावर येऊन थांबतो, म्हणजे वर्षाचे एक पीक जाते. एप्रिलभर तमिळनाडू रस्त्यावर होते. चेन्नईचे आयपीएलचे सामने उचलून पुण्याजवळ गहुंजेला आणावे लागले. महाराष्ट्रात या वादाची जी काही चर्चा झाली ती बहुतेक तिकिटांच्या निमित्ताने झाली, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. त्या स्कीमखालच्या पाणी व्यवस्थापन प्राधिकरणाची अधिसूचना अखेर निघाली १ जूनला.

केंद्राला 'स्कीम' कळली नव्हती, यावर माझा विश्वास नाही. शब्द सोयीचा होता, एवढेच. पण ही सोय कोणाला मिळते, ते पाहण्यासारखे आहे. निकाल इंग्रजीत, अर्ज इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत. शब्द ताणून वेळ काढण्याची मुभा त्या भाषेत वावरणाऱ्याला मिळाली आणि वेळ गेला तो ज्याला ती भाषा येत नाही त्याचा.

न्यायालयाबाहेरही, पर्यावरण आणि समाज यांबद्दल बोलण्याची म्हणून एक तयार इंग्रजी आज बाजारात मिळते. स्पर्धा परीक्षांच्या आणि परदेशी जाण्याच्या शिकवण्यांत तिच्या याद्या पाठ करून घेतात : सस्टेनेबल, स्टेकहोल्डर, कार्बन फूटप्रिंट, क्लायमेट रेझिलिअन्स. शिकणाऱ्यांना मी दोष देत नाही; गुण मिळतात, नोकऱ्या मिळतात. माझी हरकत या भाषेच्या एका सवयीला आहे. तिच्यात कर्ता नसतो. पाण्याची टंचाई 'निर्माण होते', जंगल 'नष्ट होते', लोक 'विस्थापित होतात'. कोणी केले, कोणाच्या सहीने केले, हे वाक्याच्या घडणीतच गळून पडते. आणि कर्ता आलाच तर तो तुम्ही-आम्ही. 'कार्बन फूटप्रिंट' घरोघरी पोहोचवण्यात २००४च्या सुमारास मोठा हात होता तो बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा. आपापल्या पावलांचा ठसा मोजायला तिने लोकांना बसवले. तेल काढणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशेब विचारावा, यापेक्षा उत्तम जाहिरात कोणती?

मराठीत आणले की हे दुखणे बरे होते, असाही एक समज आहे. 'शाश्वत विकास', 'हितसंबंधी घटक', 'क्षमता बांधणी', 'जैवविविधता संवर्धन'. शब्द संस्कृतातून आले, कर्ता मात्र आला नाही. जुन्नरच्या किंवा शिरोळच्या शेतकऱ्याला 'शाश्वत विकास' हा 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'इतकाच परका आहे. कदाचित जरा जास्तच, कारण इंग्रजी शब्द निदान मोबाइलवर ऐकलेला असतो. परिभाषेचे कोश करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण आपण या भांडणात नेहमी चुकीच्या जागी उभे राहतो. शब्द कुठल्या मुलखातून आला, याची आपण चौकशी करतो. त्याच्या आधाराने उलटतपासणी घेता येते का, हे विचारत नाही.

मराठी वाचकाने हा प्रश्न तंजावूरच्या बाजूने पाहावा, याला कारण आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. त्यातले दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) हे श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले, छापखाना घातला, इसापनीतीच्या गोष्टी मराठीत करवून छापल्या. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला तो १८०३ साली. त्यांचे मला सर्वांत धाडसी वाटणारे काम मात्र 'देवेंद्र कुरवंजी' हे नाटक. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरातली कुरत्ती येते, आपला डोंगर, त्यावरचे धबधबे, झाडे, जनावरे यांचे गाण्यात वर्णन करते आणि मग विरहिणीचा हात बघते. सरफोजींनी तिच्या तोंडी आख्ख्या जगाचा भूगोल घातला : खंड, देश, नद्या, आणि तेही मराठीत. युरोपातून आलेली पृथ्वीची नवी माहिती डोंगरातल्या बाईने सांगायची, तमिळ वळणावर आणि मराठी पदांतून.  आज पर्यावरणाचे एखादे धोरण कीर्तनात किंवा तमाशाच्या वगात सांगून पाहावे, असे आपल्या एका तरी खात्याला सुचते का?

पण या कौतुकाला एक काळी बाजू आहे. १७९९च्या तहाने सरफोजींच्या हाती तंजावूरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग उरला होता. मुलूख, महसूल आणि त्याबरोबर कावेरीचे कालवे ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले होते. जगातल्या नद्यांची नावे मराठीत गायली जात होती, त्याच काळात अंगणातल्या नदीचा कागद इंग्रजी होत होता. पुढे १८३०च्या दशकात आर्थर कॉटनने कोळ्ळिडम नदीवर बंधारे घातले. चोळांच्या कल्लणै या जुन्या बंधाऱ्यावरून तो पुष्कळ शिकला, हे त्यानेच मोकळेपणी मान्य केले आहे. गावांनी मिळून कालवे, तळी दुरुस्त करायची 'कुडिमरामत्तु' ही जुनी रीत. आपल्या पांझरेकाठच्या फड सिंचन पद्धतीतल्या शेतकऱ्याला तिचे मर्म चटकन कळेल. १८५८ साली मद्रास सरकारने सक्तीच्या श्रमाचा कायदा केला आणि ती रीत कलमात शिरली. गावकी होती तोवर ती गावाची होती, कलम झाले आणि ती सरकारला देणे असलेली मेहनत ठरली. २०१७ साली तमिळनाडू सरकारने कुडिमरामत्तु हेच नाव देऊन तळी-कालव्यांच्या दुरुस्तीची योजना काढली. नाव परतले, निर्णय परतला का, हे ज्या त्या गावाने सांगावे.

ज्ञान लोकांच्या भाषेत आणि निर्णय दुसऱ्या भाषेत, ही तंजावूरची दोनशे वर्षांपूर्वीची फाळणी आपण अजून जपून ठेवली आहे. शाळेत 'पर्यावरण' हा विषय मराठीत शिकवतो, चित्रे काढून घेतो, पाच जूनला घोषणा देतो. आणि प्रकल्पाचा आघात-मूल्यांकन अहवाल पाचशे-सातशे पानी इंग्रजीत ठेवतो. जरा चमत्कारिक गोष्ट सांगतो : तंजावूर दरबारचे कित्येक मोडी कागद तिथल्या तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये भाषांतरित करून छापले आहेत. म्हणजे मराठी राजांच्या काळातले दप्तर तिथल्या शेतकऱ्याला आज स्वतःच्या भाषेत वाचता येते.

आता याच मुलखातली अलीकडची हकीकत. तंजावूर आणि तिरुवारूर जिल्ह्यांतला ६९१ चौरस किलोमीटरचा मन्नारगुडी पट्टा कोळशाच्या थरातला मीथेन काढण्यासाठी एका खासगी कंपनीला देण्यात आला; करार २०११च्या आरंभी झाला. हा वायू काढायचा तर आधी थरातले पाणी उपसावे लागते. पाण्याचा दाब उतरला की वायू सुटतो. भूजल उपसणे हा या तंत्राचा गाभाच आहे, आणि इथे तर वरच्या नदीचे पाणी आधीच कोर्टात अडकलेले. हे ऐकल्यावर शेतकऱ्याला 'मीथेन'चे तमिळ नाव शोधत बसावे लागले नाही. सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळवार गावोगाव हिंडून हेच समजावत होते. ते तंजावूर जिल्ह्यातलेच. डिसेंबर २०१३ मध्ये या मोहिमेवर असतानाच पट्टुकोट्टैजवळ ते वारले. त्याच वर्षी राज्य सरकारने प्रकल्प थांबवला होता.

मग दिल्लीने शब्द बदलला. मार्च २०१६च्या धोरणाने तेल, नैसर्गिक वायू, कोळशातला मीथेन, शेल वायू या सगळ्यांना एकच परवाना केला, 'हायड्रोकार्बन'चा. प्रशासनाच्या दृष्टीने ते सुटसुटीत असेल. पण गावाने जे नाव ओळखून अडवले होते ते आता एका मोठ्या नावाच्या पोटात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या नेडुवासलला उपोषणे सुरू झाली तेव्हा फलकांवर तमिळ लिपीत 'हायड्रोकार्बन' होते. बायाबापड्यांनी आणि शाळकरी मुलांनी तो शब्द पचवला. जून २०१७ मध्ये कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलमला तेलवाहिनी फुटली, पोलिसांशी झटापट झाली, लोकांना अटक झाली.

जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तेल-वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतून सूट दिली. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२० मध्ये, तमिळनाडूच्या विधानसभेने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासाठी संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला. त्याच्या बंदीच्या परिशिष्टात कोळशातला मीथेन, शेल वायू आणि तत्सम हायड्रोकार्बन नावानिशी आहेत. उपोषणाच्या मांडवातले शब्द कायद्यात गेले, असे दर वेळी होत नाही. कायदा अपुरा आहे हेही खरे : चालू प्रकल्पांना तो लागू नाही, त्रिची, अरियलूर, करूर त्याबाहेर राहिले, बंदरे आणि वाहिन्या सुटल्या. तरी माझ्या मुद्द्याला एवढे पुरते. इंग्रजी शब्दाने इथल्या शेतकऱ्याचे काही बिघडवले नाही. ज्या शब्दाला खोली, पंप, पाण्याची पातळी चिकटलेली आहे, तो त्याने बिनतक्रार उचलला.

आपल्याकडेही हेच घडलेले आहे. 'टीएमसी' हे इंग्रजी आद्याक्षरांचे गाठोडे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. पण कोयना १०५ टीएमसीची आहे हे पाटण-कराडच्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. अलमट्टीतून किती क्युसेक सुटतात, यावर सांगलीत पुराच्या दिवसांत चहाच्या टपरीवर जी चर्चा चालते ती पाटबंधारे खात्याच्या बैठकीपेक्षा कमी दर्जाची नसते. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला आपण 'टेलचा' म्हणतो. तंजावूरला 'कडैमडै' म्हणतात. दोन्हीकडे तक्रार एकच, वरच्याने पाणी अडवले. या वाक्याला कर्ता आहे!

याउलट पश्चिम घाटाची गोष्ट. माधव गाडगीळ समितीने अहवाल ऑगस्ट २०११च्या अखेरीस दिला. तो स्थानिक भाषांत करून ग्रामसभांपुढे ठेवावा, हा गाडगीळांचा आग्रह होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो इंग्रजीतही दडपून ठेवला आणि माहिती अधिकाराच्या लढाईनंतर २०१२च्या मे महिन्यात तो बाहेर आला. मधल्या काळात सिंधुदुर्ग-रत्नागिरीत 'इको-सेन्सिटिव्ह' एवढाच शब्द पोहोचला, बिनमजकुराचा. घराला कौल घालायला परवानगी लागेल, गुरे चारता येणार नाहीत, अशा अफवांनी ती रिकामी जागा भरली. खाणवाल्यांना याहून काय हवे होते? अहवालात ग्रामसभेला दिलेले अधिकार ग्रामसभेला वाचताच आले नाहीत.

२०२० साली पर्यावरण आघाताच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने इंग्रजी-हिंदीत काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला तो आठव्या परिशिष्टातल्या सर्व २२ भाषांत द्यायला सांगितले. केंद्राने सर्वोच्च न्यायालय गाठले. राजभाषा कायद्याप्रमाणे दोनच भाषांचे बंधन आहे, ही त्याची भूमिका. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी मग तो कायदाच बदलण्याचा विचार करा, खेड्यातल्या माणसाला हिंदी-इंग्रजी कळेलच असे नाही, असे सुनावले. बावीस भाषांत भाषांतर अवघड आहे, हे कारण मला पटत नाही. निवडणुकीच्या जाहिराती सगळ्या भाषांत वेळेवर निघतात.

लागू असलेल्या २००६च्या अधिसूचनेत अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देण्याची तरतूद आहे. पूर्ण अहवालाची नाही. जनसुनावणीच्या शेवटी मात्र झालेल्या कामकाजाचे टिपण लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. म्हणून तुमच्या तालुक्यात पुढची सुनावणी लागेल तेव्हा पूर्ण अहवालाची मराठी प्रत आधी लेखी मागा. मिळाली नाही, तर ती मिळाली नाही हीच पहिली हरकत म्हणून नोंदवा. आणि ते टिपण मराठीत वाचून दाखवले जाईपर्यंत मांडवातून उठू नका.