पोटातलं वजन पाठीवर

आज काही कापायचं नाही. ग्राइंडर कपाटातच राहू दे. एक स्टूल घ्या आणि ट्रेलरवर उभ्या असलेल्या होडीच्या मागे जाऊन बसा.

होडी जुनी आहे, चाळीस-पन्नास वर्षांची. इंजिन पोटात असलेली. ते इंजिन काढायचं, पाठीला फायबरचा पॉड जोडायचा आणि त्यावर आऊटबोर्ड, म्हणजे होडीबाहेर लटकणारं इंजिन, लावायचं, असं तुमच्या मनात आहे. माझ्याही मनात होतं. मेलबर्नमधल्या माझ्या शेडमध्ये मी एक अख्खा हिवाळा होडीच्या पाठीकडे बघत काढला. तेव्हा जे उमगत गेलं, तेच आज सावकाश तुमच्याबरोबर पुन्हा बघतो.

आधी वाका आणि डोळा तळाच्या कडेशी आणा. मधोमध कण्याची रेघ, आणि तिथून दोन्ही बाजूंना वर चढत जाणारा उतार. माझ्या २५ फुटी होडीचा हा उतार नाळेपासून मागच्या टोकापर्यंत खोल राहतो. असा तळ रेमंड हंट या अमेरिकन आरेखकाने रूढ केला. १९५८ साली न्यूपोर्टजवळच्या खडबडीत समुद्रात नौकाशर्यतींतल्या डिक बरट्रामने हंटची एक छोटी होडी लाटा कापत जाताना पाहिली आणि आपल्यासाठी त्याच जातीची ३१ फुटी होडी बांधून घेतली. तिचं नाव मॉपी. १९६० ची मायामी-नॅसो शर्यत तिने जिंकली, आणि खोल तळाच्या होड्या जगभर पोचल्या. मॉपीची इंजिनं पोटात होती. तुमच्या होडीचा तळही असंच जड इंजिन आत धरून आखलेला आहे. हात त्या उतारावर फिरवा आणि थोडा वेळ तसाच ठेवा.

आता डोळे मिटा. होडीतलं सगळं बाजूला सारा, फक्त वजन उरू द्या. माझ्या होडीत इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून सुमारे ४०० किलो होते, पाठीपासून अडीच मीटर पुढे. नवं आऊटबोर्ड २२५ किलोंचं. होडी १७५ किलोंनी हलकी होणार, हा हिशेब पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण ते २२५ किलो पाठीच्याही ९० सेंटिमीटर मागे लटकणार होते. सगळी होडी मिळून २००० किलो आणि तिचा गुरुत्वमध्य पाठीपासून २.६ मीटरवर धरला, तर ही काढघाल झाल्यावर तो २.२ मीटरच्या आसपास येतो. म्हणजे जवळजवळ हातभर मागे. होडी हलकी होऊनही मागे बसणार.

भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालताना अंग कसं असतं, ते आठवा. आता तिच्यातलं निम्मं पाणी ओता आणि ती एका काठीच्या टोकाला बांधून खांद्यावरून मागे सोडा. पाणी निम्मंच आहे, तरी पाऊल पुढे टाकताना मान कुठे जाते, छाती कुठे जाते? होडीचं तसंच होतं. नाळ वर, पाठ खाली, आणि समोरचं पाणी दिसेनासं. या जाणिवेपाशी थांबा. पॉड किती लांब, किती रुंद, बॅटऱ्या कुठे, पेट्रोलची टाकी कुठे, हे सगळे निर्णय त्या हातभर अंतरातून निघतात.

मला इथे कोकणातली उलांडीची होडी आठवते. अंगाबाहेर, दोन दांड्यांवर तोललेलं ते एक लाकूड. होडी अरुंद, पण तिचा तोल बाहेर ठेवलेला. पॉड म्हणजे पाठीला जोडलेली उलांडीच, असं मी मनाशी धरलं आणि मला तिचं काम कळलं. तिने तरंगायला हवं. खाऱ्या पाण्यात २२५ किलो उचलून धरायला सुमारे २२० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. तेलाच्या २०० लिटरच्या पिंपाहून थोडं जास्त. पॉडचं स्वतःचं वजन वेगळं. एवढं पिंप होडीच्या पाठीमागे पाण्यात दाबलेलं डोळ्यांपुढे आणा. ते वर यायला धडपडतंय. त्या धडपडीवर तुमचं इंजिन उभं राहणार आहे.

पण हाच टेकू होडी धावायला लागली की नडतो. पॉडचा तळ होडीच्या तळाशी सलग ठेवला, तर वेगात पाणी त्यालाही उचलतं, पाठ वर जाते आणि नाळ लाटेत घुसते. म्हणून बरेच जण तो तळ थोडा उंच, पायरी सोडून घेतात. मीही तसाच घेतला. होडी उभी असताना पॉड भिजलेला, धावताना कोरडा. तळाखालून सुटलेलं पाणी मागे हळूहळू वर चढतं, म्हणून इंजिनही वर घ्यायचं: फूटभर मागे गेलं की साधारण इंचभर वर. हा ठोकताळा आहे. शेवटचा शब्द पाण्याचा.

आता उठा. हातात प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि मुठीकडून ट्रान्समवर, म्हणजे या मागच्या भिंतीवर, हळूहळू ठोका. वरून खाली, मग वीतभर बाजूला सरकून पुन्हा वरून खाली. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड आहे. ते कोरडं असेल तर टणक, स्वच्छ आवाज येतो. कुजलं असेल तर आवाज मेल्यासारखा, बद्द. माझ्या होडीत एक्झॉस्टच्या भोकाखाली तळहाताएवढी जागा बद्द वाजली. आतल्या बाजूने तिथे बारीक भोक पाडलं. ड्रिलच्या पात्यावर भुसा कोरडा यायला हवा होता. आला काळा, ओला चिखल, आणि शेडभर पावसाळ्यातल्या जुन्या लाकडाचा वास सुटला. वर चढायच्या पायरीचा एक स्क्रू कुणीतरी सील न लावताच आवळला होता. त्या एका स्क्रूवाटे कित्येक वर्षं पाणी आत जात राहिलं. मला राग आला, मग बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

ठोकता ठोकता आणखी एक विचार करा. आजवर या भिंतीने पाणी फक्त बाहेर ठेवलं. पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, रेटा दांड्यातून इंजिनाकडे आणि इंजिनाखालच्या लांब फायबरच्या तुळयांमध्ये जात होता. उद्यापासून सगळा रेटा, आणि लाटेवर आपटताना इंजिनाचा सगळा हिसका, हिच्यावर येणार. जिने कधी ओझं वाहिलं नाही तिच्यावर ते एकदम टाकायचं नाही. कुजलेलं काढा, नवं मरीन प्लाय भरा, आणि आतून मोठे कोनाकृती आधार घालून भिंत त्या तुळयांशी बांधा. हे काम बाहेरून कधीच दिसत नाही. माझे सर्वांत जास्त दिवस इथेच गेले.

जोडणीचं फार सांगत नाही. जुनं रेझिन केव्हाच वाळून पक्कं झालेलं असतं. नवं त्याच्यात मिसळत नाही, फक्त खरखरीत अंगाला धरून राहतं. म्हणून घासणं आणि जोडाच्या कडेला उतार काढणं, जाडीच्या बारा पट लांब. ५ मिलिमीटरला ६० मिलिमीटर. मग इपॉक्सी. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: पॉड लावणार असाल तर ट्रान्सम वरून कापून खाली आणू नका. मागून येणाऱ्या लाटेला ती पूर्ण उंचीची भिंतच अडवते.

शेवटी आत उतरा आणि बुजवायची भोकं मोजा. दांड्याचं, सुकाणूचं, थंड पाणी आत घेणारं. सगळी पाण्याखालची. दांड्याभोवतीचं जुनं पॅकिंग मिनिटाला दोन-चार थेंब गळू देऊनच थंड राहायचं. त्या थेंबांचा आवाज ऐकत मी कितीदा नांगरावर झोपलो आहे. इंजिनाची तळव्यांखालची घरघरही आता नाही. तिची आठवण येते, आणि यायला हवी.

होडी मी मेलबर्नजवळच्या हेस्टिंग्जच्या उतारावरून पाण्यात सोडली, भरती चढत असताना. जुन्या पाणरेषेवर आधीच निळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. नाळेपाशी पट्टी पूर्ण कोरडी. मागे पाणी तिच्या दोन बोटं वर. दोन्ही बॅटऱ्या केबिनच्या पायथ्याशी सरकवल्या, नांगराची साखळी पुढे नेली आणि पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरून बघितलं. बोटभर उरलं होतं. मग इंजिन जिथे होतं त्या रिकाम्या जागेत जाऊन बसलो आणि तळावर हात टेकला. कोरडा होता.