सप्तमीचा प्रत्यय

तेराव्या शतकातील धर्मचिंतक थॉमस अॅक्वायनस याने ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाला आधी विरोधी मत, मग उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन असा क्रम ठेवला असून, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांच्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. त्याच रीतीने येथे विचारात घेतलेला पेच असा, की तंत्रज्ञानाच्या नीतीविषयी बोलणाऱ्या धर्मगुरूने त्या तंत्रज्ञानाच्या मालकांबरोबर बैठकीत बसावे, की बाहेर राहून बोलावे. पाओलो बेनान्ती यांच्या आयुष्यात हा पेच ठळकपणे दिसतो. १९७३ साली रोममध्ये जन्मलेले बेनान्ती अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून फ्रान्सिस्कन परंपरेतील संघात दाखल झाले, पुढे रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवू लागले आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील सल्लागार मंडळावर नेमले गेले. ‘अल्गोरेतिका’ ही संज्ञा त्यांच्या नावाशी जोडली जाते. अल्गोरिदम, म्हणजे यंत्राने निर्णयाप्रत पोहोचण्यासाठी पाळायच्या पायऱ्या, आणि नीतिशास्त्र यांचा हा जोडशब्द असून, यंत्र घडत असतानाच त्यात नीतीचा विचार व्हावा असा त्यामागील आग्रह आहे.

पूर्वपक्षी : २८ फेब्रुवारी २०२० रोजी रोममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयीच्या ‘रोम आवाहना’वर व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीबरोबर मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी सह्या केल्या. पारदर्शकता, उत्तरदायित्व, निःपक्षपातीपणा अशी जी तत्त्वे त्यात आहेत त्यांना नाही कोण म्हणेल, आणि ती मोडणाऱ्याला त्या कागदाने दंड तरी कोणता होतो? कंपन्यांच्या कपाळी आयते गंध लागले, आणि ते लावणारा हात धर्मगुरूचा होता.

उत्तरपक्षी : गंधाचा आरोप करण्यापूर्वी आपण सत्तरहून अधिक वर्षे मागे जावे. येशूसंघाचे फादर रोबेर्तो बूझा यांनी याच ग्रेगोरियन विद्यापीठात अॅक्वायनसच्या ‘सान्निध्य’ या कल्पनेवर प्रबंध लिहिला. त्या वेळी त्यांच्या ध्यानात आले, की केवळ सान्निध्यवाचक शब्द शोधून भागत नाही, कारण ती कल्पना ‘इन’ या क्षुल्लक दिसणाऱ्या लॅटिन शब्दात दडलेली आहे. मराठीत जे काम बहुधा सप्तमीचा ‘त’ हा प्रत्यय करतो, तेच तिथे ‘इन’ करतो. त्या एका शब्दासाठी त्यांनी सुमारे दहा हजार कार्डे हाताने लिहिली, आणि उरलेला सारा अॅक्वायनस हाताने होणार नाही हे ओळखून १९४९ साली आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांचे दार ठोठावले. त्यातून जवळजवळ तीस वर्षांनी ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’ ही छपन्न खंडांची शब्दसूची उभी राहिली. ते दार त्यांनी ठोठावले नसते, तर सूची झाली नसती.

पूर्वपक्षी : दाखला आपण दिलात, पण तो आपल्याच अंगावर येतो. गाल्लाराते येथील बूझा यांच्या केंद्रात कार्डांना भोके पाडण्याचे काम तरुण मुली करीत असत. यंत्रावर मजकूर टंकला की कार्डाला अक्षरागणिक भोके पडत आणि नंतर तोच मजकूर पुन्हा टंकून चूक तपासली जाई; हिब्रूसारख्या परक्या लिपीतला मजकूर आला तरी कळांवर त्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचीही गरज त्यांना पडत नसे. छपन्न खंडांवर नाव बूझा यांचे राहिले, आणि त्या मुलींची नावे कित्येक दशकांनी संशोधकांना हुडकून काढावी लागली. शब्दाच्या आत काय दडले आहे हे पाहणाऱ्या डोळ्यांना खोलीच्या आत कोण बसले आहे याची नोंद ठेवावीशी वाटली नाही. आत गेलेल्याची नजर अशीच सवयीची होते.

(हा आघात मोठा आहे. बूझा यांनी त्या मुलींना हाताला काम मिळेल असे शिक्षण दिले, हे उत्तर येथे सुचते. ते खरेही आहे, पण आक्षेप शिक्षणाविषयी नसून नोंदीविषयी आहे.)

उत्तरपक्षी : हे मान्य करावे लागेल. मात्र कळांवर कोणाची बोटे आहेत हा प्रश्न दालनाबाहेरून विचारला, तर तो दालनात ऐकू जात नाही. १४ जून २०२४ रोजी इटलीत झालेल्या जी-सात परिषदेत पोप फ्रान्सिस यांनी राष्ट्रप्रमुखांसमोर एक साधे उदाहरण ठेवले. कैद्याला घरी स्थानबद्ध ठेवून शिक्षा भोगू द्यावी की नाही हे ठरवताना न्यायाधीशाला साहाय्य करणारी संगणकप्रणाली गुन्ह्याचा प्रकार, तुरुंगातील वर्तन, मानसिक चाचणी अशी माहिती घेते आणि तो पुन्हा गुन्हा करण्याचा संभव सांगते. मराठीत याला माणसाला एका वर्गात बसवणे म्हणता येईल. आता एकदा वर्गात बसवलेला माणूस उद्या बदलला, तर त्या बदलाला त्या वर्गात जागा कुठे असते?

पूर्वपक्षी : उदाहरण उत्तम आहे, पण त्यावर उपाय सहीचा नसून कायद्याचा आहे. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला, आणि निषिद्ध वापर करणाऱ्या कंपनीला साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या सात टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. आवाहनाच्या कागदात एवढा दात कुठे आहे?

उत्तरपक्षी : दात कायद्यालाच असतात, हे निर्विवाद आहे. परंतु कायदा ज्या शब्दांत लिहिला जातो ते शब्द आधी कोणीतरी घडवावे लागतात, आणि ते घडवताना यंत्र करणाऱ्यांचीच भाषा शिकावी लागते. अर्धवट का होईना, बेनान्तींचे अभियांत्रिकी शिक्षण तिथे कामी येते. शिवाय ‘आत’ या शब्दाला पंचमी जोडली की ‘आतून’ होतो, हेही आपण विसरू नये. दालनात बसलेला माणूस आतून बोलू शकतो.

पूर्वपक्षी : आतून बोलणाऱ्याला आतून उठताही आले पाहिजे. सही करणाऱ्यांपैकी एकाने उद्या त्यातले एखादे तत्त्व उघडपणे मोडले, तर धर्मगुरू त्या टेबलावरून कोणत्या दिवशी उठेल, हे त्याने बसण्यापूर्वी कोणाला सांगून ठेवले आहे काय?

उत्तरपक्षीने यावर तत्काळ उत्तर दिले नाही; त्याने आवाहनाचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.