घटका टळल्यावरची दुरुस्ती

ठरलेली वेळ संपल्यावर केलेली दुरुस्ती प्रामाणिक म्हणावी काय? हा प्रश्न आम्हांस सांबऱ्याच्या एका तरुणाने रविवारी उपासनेनंतर विचारला. संगणक शिकणाऱ्या या मुलाने ‘लुडम डेअर’ नावाच्या स्पर्धेत भाग घेतला होता. २००२ साली सुरू झालेल्या या स्पर्धेच्या मूळ प्रकारात दिलेल्या विषयावर ४८ तासांत एकट्याने संगणकावरचा खेळ रचावयाचा असतो. मग स्पर्धकच एकमेकांचे खेळ खेळून गुण देतात.

त्याचा खेळ वेळेत पोहोचला. पण दुसऱ्या दिवशी कळले की तिसऱ्या पायरीवर तो अडकतो. अशा चुकीला ते लोक ‘बग’ म्हणतात. खेळ बंद पाडणारी चूक मागाहून सुधारण्यास नियमाची मोकळीक आहे. नवी भर घालण्यास नाही. मुलाने चूक सुधारली. आणि हात लागलाच आहे म्हणून एक नवी पायरीही गुपचूप जोडली. कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याला मात्र झोप येईना.

“अरे बाळा, खेळच तो!” असे आम्ही घाईने बोलून गेलो. घरी आल्यावर ते उत्तर आम्हांलाच बोचू लागले. पुष्कळ वर्षांपूर्वी शब्बाथशाळेच्या परीक्षेत घंटा झाल्यावर एका मुलीने पेपर परत मागितला. नाव लिहावयाचे राहिले होते. आम्ही दिला. नाव लिहिता लिहिता तिने एक गाळलेली जागाही भरली. आम्ही ते पाहिले आणि गप्प राहिलो. बक्षीस तिला गेले. एका गुणाने मागे राहिलेल्या मुलाच्या तोंडाकडे आम्हांस पाहवेना.

नाव लिहिणे आणि जागा भरणे, दोन्ही घंटेनंतरचेच. मग फरक कोठे? पहिल्याने, जे केले होते तेच दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचते. दुसऱ्याने, जे केले नव्हते ते केल्याचा भास होतो. पहिले उघड सांगता येते, दुसरे झाकावे लागते. आमच्या गावचा विमानतळ १९४२ सालचा. विमानाची दुरुस्ती करणारा मनुष्य काय बदलले ते नोंदवहीत लिहून खाली सही करतो. त्या सहीवर प्रवाशांचे प्राण विसंबतात. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. पुढच्या पिढ्यांनी मराठी शास्त्राची भाषांतरे पुन:पुन्हा तपासली, आणि सुधारलेली आवृत्ती ‘सुधारलेली’ म्हणूनच लोकांच्या हाती दिली. त्यात कमीपणा नव्हता.

लूकच्या तेराव्या अध्यायातील माळी आठवा. अंजिराला फळ नाही. माळी धन्याजवळच आणखी एका वर्षाची मुदत मागतो, खणण्याचे आणि खत घालण्याचे कबूल करतो. बाजारातली अंजिरे आणून रात्री फांद्यांना बांधीत नाही! कृपेची मुदत मागून घ्यावयाची असते, चोरून नव्हे. आणि तिलाही शेवट असतो. दहा कुमारींच्या दाखल्यातले दार अखेर बंद झालेच.

त्या तरुणाने नवी पायरी काढून टाकली, चुकीची दुरुस्ती तेवढी ठेवली आणि घडलेले सर्व खेळाच्या माहितीत लिहिले. गुण किती मिळाले हे आम्ही विचारले नाही. आम्ही त्या मागे राहिलेल्या मुलाला, आता तो दोन लेकरांचा बाप आहे, पत्र लिहिले. बक्षीस परत देता येत नाही, ती घटका गेली. खरे काय ते सांगण्याची घटका मात्र अजून होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, घंटा झाल्यावर मूल पेपर परत मागेल तेव्हा अवश्य द्या. पण त्याच्याजवळ उभे राहा, आणि जे पाहाल त्याविषयी गप्प राहू नका.