तट आणि तीर्थ

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदीच्या मुखापासून उत्तरेस थोड्याच अंतरावर, हरिहरेश्वराचे क्षेत्र आहे. तेथील मोठी प्रदक्षिणा केवळ गाभाऱ्याभोवती होत नाही, ती देवळामागच्या डोंगरालाच वळसा घालते. डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरत, दोन कातळभिंतींच्या मधून वाट समुद्राच्या पातळीवर येते आणि लाटांनी कोरलेल्या, खाऱ्या वाऱ्याने जाळी पडलेल्या खडकांवरून भाविक पुन्हा मंदिराकडे वळतो. हा मार्ग ओहोटीलाच मोकळा असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे कोकणातले जुने गणित आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे प्रदक्षिणा त्याच्या आधी किंवा नंतर पुरेसे अंतर ठेवून. येथे तिथी पाहावी लागते ती मुहूर्तासाठी नव्हे, पायाखाली जमीन असेल की पाणी हे ठरवण्यासाठी. हेच खडक, हीच खिंड आणि हाच समुद्र पर्यटनाच्या नकाशावर ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणूनही नोंदलेला आहे, आणि तेथे येणाऱ्यांपैकी पुष्कळजण दोन्ही नात्यांनी येतात. क्षेत्र आणि प्रेक्षणीय स्थळ यांत नेमका फरक कोणता, हा प्रश्न म्हणूनच या किनाऱ्यावर केवळ शब्दांचा राहत नाही.

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याचा उतार असा आहे. ‘तट’ म्हणजे काठ, आणि काठावर उभा राहणारा तो ‘तटस्थ’. पाहणाऱ्याला तट पुरतो. तीर्थाला जाणाऱ्याने पाण्यात पाय घालावा अशी अपेक्षा असते. पृथ्वीवरील तीर्थे पुण्यकारक का मानावीत, याची तीन कारणे महाभारताच्या अनुशासनपर्वात दिलेली आहेत: भूमीचा अद्भुत प्रभाव, पाण्याचे तेज आणि मुनींनी केलेला त्या स्थानाचा परिग्रह, म्हणजे स्वीकार. यांतील पहिली दोन कारणे आजच्या निसर्गप्रेमी प्रवाशालाही मान्य होतील. तिसरे कारण मात्र वेगळ्या जातीचे आहे, कारण त्यानुसार स्थान पवित्र होते ते तेथे कोणी तरी स्वतःला बांधून घेतल्यामुळे. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तीर्थांची जी प्रदीर्घ सूची आहे, ती अशा परिग्रहांचीच सूची म्हणून वाचता येते.

यावर वेदान्ताचा आक्षेप उघड आहे. ब्रह्म सर्वत्र असेल, तर ते हरिहरेश्वरी अधिक आणि अन्यत्र कमी कसे असू शकेल? संतांनीही तीर्थयात्रेच्या अभिमानावर याच अंगाने टीका केली. याचे एक उत्तर वेदान्ताच्याच परिभाषेत सापडते. लक्षण, म्हणजे वस्तूची ओळख पटवणारी खूण, दोन प्रकारची असते. वस्तूच्या स्वभावातच असलेली खूण ते स्वरूपलक्षण. वस्तूशी काही काळ जोडलेली, पण तिच्या स्वभावाचा भाग नसलेली खूण ते तटस्थलक्षण. ‘ज्यावर कावळा बसला आहे ते देवदत्ताचे घर’ हे दुसऱ्या प्रकाराचे ठरलेले उदाहरण. कावळा घराचा भाग नाही, तो क्षणात उडेल, पण तोवर घर ओळखले गेलेले असते. तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्माला सत्य, ज्ञान आणि अनंत म्हटले आहे, ते स्वरूपलक्षण. त्याच उपनिषदात, ज्याच्यापासून ही भूते जन्मतात ते ब्रह्म असे सांगितले आहे, ते तटस्थलक्षण. या न्यायाने हरिहरेश्वरचा कातळ म्हणजे घरावर बसलेला कावळा आहे. तो ब्रह्म नाही, पण सर्वत्र असलेले जे कोठेच दिसत नाही त्याकडे बोट दाखवायला तो पुरेसा आहे.

उत्तर देखणे आहे; त्याची किंमतही मोठी आहे. घर ओळखल्यावर कावळ्याची गरज उरत नाही. डोंगर ही केवळ खूण असेल, तर खूण पटलेल्या माणसाला डोंगर उभा राहिला काय आणि खडी होऊन रस्त्यात गेला काय, दोन्ही सारखेच. सर्वव्यापी ब्रह्माचे तत्त्वज्ञान उच्च आहे यात शंका नाही, परंतु कोकणातले जंगल त्याने राखलेले दिसत नाही. ते राखले ते अगदी लहान, एका शिवारापुरत्या, रागीट देवतांनी.

देवराई म्हणजे देवतेच्या नावाने राखलेले रान. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अशा राया शेकड्यांनी आहेत. तेथील झाडावर कोयता चालत नाही आणि अनेक ठिकाणी वाळलेली फांदीही घरी नेली जात नाही. देवळाच्या डागडुजीसाठी लाकूड हवेच असेल तर गुरव देवाला कौल लावतो, म्हणजे मूर्तीला लावलेल्या पाकळ्या किंवा तांदूळ कोणत्या बाजूचे पडतात यावरून होकार-नकार जाणून घेतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुलाबा जिल्ह्यातील, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावाकडून त्यांना विनंती आली की गावची देवराई तोडीपासून वाचवावी. त्या रायीतून निघणारा बारमाही ओढा गावाच्या पाण्याचा आधार होता. ग्रामस्थांची श्रद्धा खरे तर पाण्याची गरजच होती, असा निष्कर्ष येथे सहज काढता येतो, आणि तो काढण्याची घाई आधुनिक वाचकाला असतेच. पण त्या निष्कर्षात एक गृहीत दडलेले आहे: धर्म आणि पाणी या दोन निराळ्या गोष्टी असून एकीच्या आड दुसरी लपलेली असते. देवी रायीत राहते आणि ओढा रायीतून येतो, असे मानणाऱ्याला त्यांतले खरे कारण कोणते हे निवडण्याचे प्रयोजनच पडत नाही.

देवरायांच्या अभ्यासकांनी नोंदवलेला आणखी एक बदल या चर्चेत महत्त्वाचा आहे. झाडाखालच्या उघड्या तांदळ्याला, म्हणजे घडवलेली मूर्ती नसलेल्या शिळेला, पुराणातल्या मोठ्या देवतेचे नाव मिळते. मग तिला छप्पर हवे, सभामंडप हवा, फरशी हवी, आणि त्यासाठी जागा व पैसा रायीतल्या झाडांतूनच उभा राहतो. देवतेचा दर्जा वाढतो तसे तिचे रान आक्रसते. ज्या देवीचे राज्य पंचवीस एकरांवर होते ती विश्वव्यापी झाली की गाभाऱ्यापुरती उरते, असे थोड्या उपहासाने म्हणता येईल, आणि तो उपहास अगदीच अस्थानी ठरणार नाही.

पाहण्याची रीत या प्रदेशात कशी रुजली, हे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील माथेरानवर स्पष्ट दिसते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये या पठाराकडे युरोपीयांचे लक्ष वेधले आणि पुढे कड्याकड्याला ‘पॉइंट’ ही संज्ञा मिळाली. पॉइंट म्हणजे उभे राहून दूरचे पाहण्याची जागा, शब्दशः तट. तेथेच शार्लट तलावाजवळ पिसारनाथ हे ग्रामदैवत आहे, ज्याच्याकडे पाठ करून दरीकडे तोंड करण्याची कल्पना भक्ताच्या मनात येणार नाही. उलट, अलिबागजवळच्या कनकेश्वराच्या चढावर नागोबाचा टप्पा आणि देवाची पायरी अशी नावे आहेत. ही नावे थांबण्याच्या आणि नमस्काराच्या जागांना दिलेली आहेत, दृश्यांना नव्हे. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. माथेरानला २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा त्यामागे पाहणाऱ्यांचीच दृष्टी होती. तटस्थ माणूसही काही राखू शकतो.

मुरुड आणि रोहा तालुक्यांतील फणसाड अभयारण्य या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. हे रान जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९८६ मध्ये पन्नासहून अधिक चौरस किलोमीटरचा हा टापू अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, गारंबीचे जाडजूड वेल झाडाझाडांवर पसरलेले असतात आणि शेकरू उंच फांद्यांवरून फिरते. ‘अभयारण्य’ हा शब्द सरकारी वाटला तरी त्यातील ‘अभय’ फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनात राहणाऱ्या पशुपक्ष्यांना पकडणाऱ्या किंवा मारणाऱ्यासाठी सर्वांत वरच्या श्रेणीचा दंड सांगितला आहे, आणि संन्यास घेणारा मनुष्य सर्व भूतांना अभय देऊनच घराबाहेर पडतो. मात्र अभय तोच देऊ शकतो ज्याच्या हाती मारण्याचे सामर्थ्य आहे. त्यामुळे शिकारीचे रान अभयारण्य होणे, यात विरोधाभासापेक्षा क्रमच अधिक दिसतो.

देवराईत मात्र अभयाचा उच्चार नसतो. तेथे असते ते भय, आणि ते प्राण्याला नव्हे, माणसाला असते. अभयारण्य प्राण्याचे भय काढून घेते, देवराई माणसाला भय घालते. धर्मचिंतनात भयाला कनिष्ठ स्थान देण्याची आधुनिक सवय आहे, पण वर उल्लेखिलेल्या तैत्तिरीय उपनिषदात वारा वाहतो आणि सूर्य उगवतो तो ब्रह्माच्या भयाने, असे म्हटलेले असून, त्याच प्रकरणात अदृश्याच्या ठायी आधार सापडलेल्याला अभय लाभते असेही सांगितले आहे. तेथे ही दोन वचने परस्परांना खोडत नाहीत. ज्याला वाऱ्याची मर्यादा कळली त्यालाच निर्भय होण्याचा अधिकार आहे, असा त्यांचा संबंध लावता येतो, आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटी पाहून करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. भरतीची वेळ दुर्लक्षून त्या खडकांवर उतरणारा माणूस धीट असतो असे नाही; तो अजून तटावरच असतो, पाणी आपल्यासाठी दृश्य म्हणून मांडलेले आहे या समजुतीत.

कोकणभूमीची उत्पत्तिकथाही याच बाजूची आहे. परशुरामाने सारी पृथ्वी कश्यपाला दान केली; दिलेल्या जमिनीवर राहणे योग्य नव्हे म्हणून त्याने समुद्राकडे जागा मागितली आणि बाणाच्या अंतरापर्यंत समुद्र मागे सरला. भूगर्भशास्त्र या कातळाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे सांगते आणि तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा असल्याचे दाखवते. कथा त्याचे वय सांगतच नाही. ही जमीन मागून मिळालेली आहे, एवढेच ती सांगते, आणि मागून मिळालेल्या वस्तूवरचा हक्क कसा असतो हे ऐकणाऱ्यावर सोडते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुपारीच्या वाड्यांपासून डोंगरावरच्या रानापर्यंत झाडे उन्मळून पडली. वाडीतले पडलेले झाड मालकाचे असते आणि त्याचे काय करायचे ते तो ठरवतो. अभयारण्यात पडलेले झाड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाखाली येते. वन्यजीवांच्या हितासाठी ते हलवणे आवश्यक आहे असे शासनाला पटल्यावाचून परवाना मिळत नाही. देवराईत पडलेले झाड देवीचे असते, आणि कौल मिळेपर्यंत ते जागीच कुजत राहते, त्यावर अळंबी येते, पुढच्या पावसात त्याच्या खोडातून नवी रोपे वर येतात.