पेपर सुटल्यानंतरचा अर्धा तास

बारावीचा सकाळच्या सत्रातला तीन तासांचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. २०२३ पासून बोर्डाने शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली, तेव्हापासूनची ही वेळ. पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करतात, मुलं जिना उतरतात आणि फाटकाशी पोचेपर्यंत एकच प्रश्न दहा तोंडांतून निघतो : तू काय लिहिलंस? घाटकोपरला मेट्रोचा जिना चढताना, अंधेरीला शेअर रिक्षात दाटीवाटीने बसल्यावर, मुलुंड-बोरिवलीला लोकलची वाट बघताना हाच विषय चालू असतो. घडी घालघालून प्रश्नपत्रिका मऊ पडते. मानसशास्त्राच्या पेपरनंतर हा कल्ला जरा जास्तच असतो, कारण गणितासारखं एकच उत्तर काढून मोकळं होण्याची सोय ८० गुणांच्या या पेपरात फार थोड्या ठिकाणी मिळते.

घरी मोठ्यांचा सल्ला ठरलेला असतो. "झाला ना पेपर? आता तो विषय बंद. पुढच्याचा बघ." क्लासचे सरही हेच सांगतात. या सांगण्यामागे माया आहे आणि अनुभवही आहे. पुढच्या पेपरला कधी एकच दिवस हातात असतो. दोन गुण गेल्याच्या हळहळीत तो दिवस गेला तर पुढच्या विषयात दहा गुण जातात, हे प्रत्येक घराने पाहिलेलं असतं. तरीही हा सल्ला अर्धाच खरा आहे. फाटकाबाहेरच्या त्या अर्ध्या तासात मुलं जितकी शिकू शकतात तितकी वर्गातल्या कित्येक तासिकांत शिकत नाहीत, आणि नेमका तोच अर्धा तास आपण त्यांना अपराध्यासारखा घालवायला लावतो.

बुद्धिमत्तेच्या धड्यातलं एक साधं गणित घेऊ. मुलाचं मानसिक वय १२, शारीरिक वय १०, तर बुद्धिगुणांक किती? एकीचं उत्तर १२०. तिच्या मैत्रिणीचं ८३. मैत्रिणीला सूत्र पाठ आहे आणि आपलं बरोबर असल्याची तिला पक्की खात्री आहे. दोघी भिंतीला टेकून प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या कडेला पुन्हा आकडे मांडतात. "अगं, मुलगा वयाच्या मानाने पुढे आहे ना? मग शंभराच्या खाली कसा येईल?" पहिली विचारते. मैत्रीण गप्प होते, मग पेनाने भागाकाराची रेघ पुन्हा ओढते आणि वरचा आकडा खाली गेल्याचं तिला दिसतं. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये ही कल्पना मांडली, हे तिने वर्षभर घोकलं होतं. शंभर म्हणजे वयाबरोबर चालणारं मूल, शंभरावर म्हणजे वयाच्या पुढे, हा त्या सूत्राचा अर्थ तिच्या डोक्यात आत्ता शिरला.

आणि तो आता तिथून हलणार नाही. कोलंबिया विद्यापीठातले ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले, प्रत्येक उत्तराबद्दल किती खात्री आहे तेही विचारलं आणि चुकल्यावर बरोबर उत्तर दाखवलं. नंतरच्या चाचणीत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ज्या चुका लोकांनी छातीठोकपणे केल्या होत्या, त्याच जास्त प्रमाणात सुधारल्या. चाचपडत दिलेली चुकीची उत्तरं त्यामानाने मागे राहिली. खात्रीला धक्का बसतो तेव्हा लक्ष एकवटतं, आणि लक्ष एकवटलेल्या क्षणी मिळालेली दुरुस्ती मनात टिकते. पेपर सुटल्यानंतरची वेळ अशा धक्क्यांनी भरलेली असते. प्रश्न ताजे असतात, आपलं उत्तर आठवत असतं, ते बरोबर होतं की नाही हे कळण्याची तहान लागलेली असते. मार्चमध्ये ही तहान जितकी असते तितकी निकालाच्या दिवशीसुद्धा नसते. तेव्हा गुण कळतात, चूक कळत नाही.

अट एकच. समोर येणारं उत्तर बरोबर असलं पाहिजे. फाटकाबाहेर ते कोण ठरवणार?

लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. मोजायला बाहेरचं पक्कं माप नसेल तेव्हा माणूस आपल्यासारख्याच माणसांकडे बघून स्वतःला मोजतो, असं त्यांचं म्हणणं. परीक्षा केंद्राबाहेरच्या मुलांना हे तंतोतंत लागू पडतं. अधिकृत उत्तर हाताशी नाही, म्हणून शेजारच्या बाकावरचा मित्र हेच माप. पाचपैकी चौघांनी 'ब' लिहिलं असेल तर 'क' लिहिणारा गप्प बसतो. त्यात वर्गातल्या हुशार मुलीने 'ब' म्हटलं की प्रश्न मिटला. सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले रेषांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. तीन रेषांपैकी कोणती रेष नमुन्याएवढी आहे, एवढंच सांगायचं होतं, आणि एकट्या माणसाचं उत्तर जवळजवळ कधीच चुकत नव्हतं. आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं तेव्हा मात्र सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले. डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेची ही गत असेल, तर व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर चार ओळी लिहून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने ठाम राहायचं कुणाच्या जिवावर? अ‍ॅश यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. गटात एक जरी माणूस खरं उत्तर देणारा निघाला, तरी बहुमताचा दाब झपाट्याने उतरत होता.

फाटकाबाहेर हमखास ऐकू येणारं दुसरं वाक्य म्हणजे "आधी बरोबरच लिहिलं होतं रे, मग बदललं." या हळहळीचाही अभ्यास झाला आहे, आणि तो मानसशास्त्राच्याच पेपरवर झाला. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या बहुपर्यायी उत्तरपत्रिकांवरच्या खोडलेल्या खुणा तपासल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार बदललेल्या उत्तरांपैकी जवळपास निम्मी चुकीकडून बरोबरकडे गेली होती. बरोबरकडून चुकीकडे गेलेली साधारण पाव होती. तरीही पहिलं उत्तर बदलू नये, असाच सगळ्यांचा समज. कारण बदलून मिळवलेला गुण कुणाला बोचत नाही, बदलून घालवलेला गुण मात्र वर्षानुवर्षं आठवतो. हे आकडे कुणी हाती दिले नाहीत, तर फाटकाबाहेरच्या गप्पांतून मुलं नेमका उलटा धडा घेऊन घरी जातात.

म्हणजे तुलना करावी, पण कशाची? हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रुजवली. वर्गात प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं वाढतात. यावर रास्त शंका अशी, की हुशार मुलांचं उत्तर बाकीचे उचलत असतील. कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हीच शंका तपासली. २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न दिला तेव्हाही विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली होती, आणि सुरुवातीला गटात कुणालाच बरोबर उत्तर येत नसतानाही ही सुधारणा दिसली होती. बोलताना, कारणं देताना, आपल्याच म्हणण्यातली फट दिसते. अ‍ॅशच्या खोलीत फक्त उत्तरं सांगितली जात होती, मझूरच्या वर्गात कारणं मागितली जातात. एका ठिकाणी माणूस गर्दीच्या मागे जातो, दुसरीकडे स्वतःच्या डोक्याने वाट काढतो. एकशे वीस म्हणणाऱ्या मुलीने "माझंच बरोबर" म्हणून विषय संपवला असता, तर मैत्रिणीला फक्त दोन गुण गेल्याचं दुःख मिळालं असतं.

मानसशास्त्राच्या मोठ्या उत्तरांत तर ही देवाणघेवाण आणखी मोलाची ठरते. ताणाखालच्या एखाद्या मुलाचा प्रसंग देऊन 'याला काय मदत कराल' असं विचारलं, की एकजण श्वसनाचे व्यायाम लिहितो, दुसरी त्याला समुपदेशकाकडे नेते, तिसरा लिहितो की आधी त्याच्या घरच्यांशी बोलावं लागेल. तिघांनाही गुण मिळू शकतात. एकच परिच्छेद तिघांनी तीन बाजूंनी वाचला, हे उमगणं म्हणजे या विषयाचा गाभाच. अशा उत्तरांबद्दल "मग बरोबर कोणतं?" एवढंच विचारून मुलं पांगतात, तेव्हा वाईट वाटतं.

आता राहिली भीतीची बाजू, आणि ती हलकी नाही. सुझन फोकमन आणि रिचर्ड लाझारस यांनी १९८५ मध्ये परीक्षेच्या तीन टप्प्यांतल्या विद्यार्थ्यांच्या भावना नोंदवल्या : परीक्षेआधी, परीक्षेनंतर निकालाची वाट पाहताना, आणि निकालानंतर. तिन्ही टप्प्यांत भावना आणि त्यांना तोंड देण्याच्या तऱ्हा बदलत गेल्या. मधल्या टप्प्यात मुलं अभ्यासासारखे प्रत्यक्ष उपाय सोडून त्या विषयापासून मनाने लांब राहण्याकडे जास्त वळली. ते स्वाभाविकच होतं, कारण तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही. आपल्याकडे हा मधला टप्पा भलता लांबतो. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि निकाल ५ मे रोजी लागला. एवढे दिवस एखादा मुलगा "माझे आठ गुण गेले" हे एकच वाक्य मनात घोळवत बसला, तर त्याचे हाल होतात. मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनावर, ठाण्यात, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी 'आयपीएच' ही संस्था उभी केली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी घरांपर्यंत नेणाऱ्यांत त्यांचं नाव ठळक आहे. एलिस यांचं म्हणणं असं, की घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःला जे सांगतो ते जास्त छळतं. 'दोन प्रश्न चुकले' हे वास्तव. 'आता माझं सगळं संपलं' हा त्यावर आपण चढवलेला मजला.

काही मुलांसाठी हा मजला जीवघेणा ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींनुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांतल्या १,८३४ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. त्यामागची कारणं अनेक असतात, सगळा दोष परीक्षेवर टाकता येत नाही. पण पेपरनंतर घुम्म झालेल्या मुलाला "कशाला चर्चा करत बसलास?" असं दरडावणारं घर त्याचा बोलण्याचा एक दरवाजा बंद करतं, एवढं नक्की. परीक्षेच्या काळात बोर्ड विभागवार समुपदेशक नेमतं, आणि सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक बाराही महिने चालू असतो. तो घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असावा.

मुलांच्या या गप्पांतून कधीकधी पेपर काढणाऱ्यांची चूकही चव्हाट्यावर येते. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेवरच्या काही प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना आणि नमुना उत्तर छापलं गेलं. फाटकाबाहेर एकमेकांना विचारल्यावर आपलंच डोकं चाललं नाही ही मुलांची भीती गेली, कारण प्रश्न कुणालाच सापडला नव्हता. पुढे बोर्डाने त्या प्रश्नांसाठी सहा गुण देण्याचा निर्णय घेतला. २०२४ च्या 'नीट'मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली गेली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि निकाल सुधारावा लागला. तिथे उत्तरसूची जाहीर होते, म्हणून तिला आव्हान देता आलं.

बारावीच्या लेखी पेपरची अधिकृत उत्तरसूची मात्र परीक्षेनंतर मुलांच्या हाती पडत नाही. निकालानंतर पैसे भरून गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, ती घेऊन पुनर्मूल्यांकनासाठी अर्जही करता येतो. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. पण हे सगळे मार्ग गुण वाढवण्यासाठी वापरले जातात, आणि तेही तहान ओसरल्यावर. सीबीएसई आपल्या आधीच्या परीक्षांच्या गुणदान योजना संकेतस्थळावर ठेवते. आपल्या बोर्डाने प्रत्येक विषयाची परीक्षा संपल्यावर आठवड्याभरात नमुना उत्तरं आणि गुणदानाचे निकष जाहीर केले, मोठ्या प्रश्नांसाठी दोन-तीन वेगवेगळी ग्राह्य उत्तरं दिली, तर फाटकाबाहेरच्या वादांना तज्ज्ञांचा आधार मिळेल आणि 'ब' म्हणणाऱ्या चौघांपुढे एकट्या 'क'लाही सोबती मिळेल.

बोर्डाची वाट न पाहता कॉलेजांना एक गोष्ट या वर्षीही करता येईल. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं, तपासणीही तिथेच होते. घटक चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राची एक तासिका यासाठीच राखून ठेवावी. मुलांना जोडीने बसवावं, प्रत्येक उत्तरापुढे आधी स्वतःची खात्री शंभरापैकी आकड्यात लिहायला लावावी, मग एकमेकांना कारणं विचारू द्यावीत, आणि शिक्षकांनी उत्तरं फळ्यावर मांडावीत ती अगदी शेवटच्या दहा मिनिटांत. ज्या प्रश्नावर वर्गाची खात्री सर्वांत जास्त आणि उत्तर सर्वांत चुकीचं, त्या प्रश्नापासून पुढची तासिका सुरू करावी.