स्वस्तातला गडी

नारायण पेठेत एखादी वस्तू विकत घेतली, की ती वापरण्याआधी तिची किंमत चार लोकांना सांगावी लागते. नुसती सांगूनही भागत नाही. ती समोरच्याकडून ओळखून घ्यावी लागते. "ही छत्री केवढ्याला पडली असेल, सांगा बरं?" असा प्रश्न आला, की समोरच्याने जरा विचार केल्यासारखं करून मुद्दाम चढा आकडा सांगायचा, हा शिष्टाचार आहे. मग छत्रीचा मालक विजयी मुद्रेने खरा आकडा जाहीर करतो आणि त्याच क्षणी छत्रीचे निम्मे पैसे वसूल होतात. उरलेले निम्मे पाऊस पडला तर. रात्री मंडईतले गाळे आवरायला लागले की पिशवी घेऊन निघणारे गृहस्थ आमच्या पेठेत आहेत. त्यांना भाजी लागते असं नाही, भाव लागतो.

छत्री, भाजी आणि स्टीलची भांडी यांच्यापुरता हा आनंद अगदी निष्पाप आहे. स्वस्तात गेल्याचं छत्रीला दुःख होत नाही. अडचण येते ती हीच नजर माणसांकडे वळली की. आमच्या घरात ती वळायला इंग्लंडातला फुटबॉल निमित्त झाला.

आमचे चिरंजीव कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. (आमच्या घराण्यात दुसरी शाखा कोणी पाहिलेली नाही.) ते मोबाइलवर 'फँटसी प्रीमियर लीग' नावाचा खेळ खेळतात. जगभरात एक कोटीहून अधिक माणसं तो खेळतात म्हणे. खेळ असा, की इंग्लंडातल्या वीस क्लबांमधून पंधरा खेळाडू निवडून आपला कागदी संघ बांधायचा. अकरा मैदानात, चार बाकावर. एका क्लबातले जास्तीत जास्त तीन. मग खरे खेळाडू खऱ्या मैदानावर जे काही दिवे लावतील, त्याचे गुण आपल्याला. प्रत्येक खेळाडूवर किमतीची चिठ्ठी आणि आपल्या खिशात शंभर दशलक्ष पौंड.

"कुणाचे?" मी विचारलं. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय विचारणार?

"खोटे आहेत, बाबा," चिरंजीव म्हणाले.

पैसे लावून खेळायचे असले खेळ संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंद केले. हा मुळातच फुकटचा, म्हणून आमच्या घरात चालतो. फुकट म्हटल्यावर मीही खुर्ची जवळ ओढली.

आता हिशेब पाहा. शंभराला पंधराने भागलं तर माणशी साडेसहाच्या थोडे वर येतात. पण आघाडीच्या एकाच बड्या खेळाडूला चौदा मोजावे लागतात. असे दोन घेतले की उरलेल्या तेरा जणांना माणशी साडेपाचच राहतात. म्हणजे कुठे तरी चार-साडेचारवाले गडी भरावेच लागतात. चिरंजीव त्यांना 'इनेबलर' म्हणतात. ज्यांच्या स्वस्ताईमुळे दुसऱ्याची महागाई परवडते, ते इनेबलर. मला ही व्यवस्था लगेच ओळखीची वाटली. कुठल्याही कचेरीत एक साहेब परवडावा म्हणून किती कारकून स्वस्तात ठेवावे लागतात, हे मला कोणी शिकवायला नको.

"बाबा, तू साडेचारचा," चिरंजीवांनी विषय घरात आणला. "दर आठवड्याला नक्की खेळतोस, जखमी होत नाहीस, फक्त गोल नाहीत."

"आणि आई?"

"आई बजेटबाहेर आहे."

सौ. स्वयंपाकघरातून काही बोलली नाही, पण त्या दिवशी चिरंजीवांच्या ताटात शिऱ्याचा दुसरा डाव पडला. माझ्या ताटापाशी येईपर्यंत पातेलं संपलं होतं.

तर स्वस्तातला चांगला गडी ओळखायचा कसा? याचं एक शास्त्रच आहे. पहिली गोष्ट हजेरी. चार पौंडांचा (दशलक्ष हा शब्द आता आम्ही घरात गाळतो) पण दर सामना पूर्ण खेळणारा माणूस, सहाचा पण बाकावर बसणाऱ्यापेक्षा बरा. दुसरी गोष्ट अशी, की किमती ठरवणारे लोक मागच्या वर्षाकडे बघून किमती ठरवतात. तेव्हा जो गेल्या वर्षी आजारी होता, धाकट्या क्लबात होता किंवा नुकताच वर चढून आला आहे, तो हमखास स्वस्त असतो. आणि तिसरी, सगळ्यांत मोलाची गोष्ट: ज्याचा कागदावरचा हुद्दा एक आणि प्रत्यक्षातलं काम दुसरं, तो गडी सोडू नये.

या तिसऱ्या प्रकाराचं आराध्य दैवत म्हणजे शेफील्ड युनायटेडचा जॉन लुंडस्ट्रम. २०१९-२० च्या मोसमात यादीत त्याची नोंद बचावफळीत होती आणि किंमत होती अवघी चार. प्रत्यक्षात हा गृहस्थ मधल्या फळीत खेळत होता. आता नियम असा आहे, की पुढच्या फळीतल्याने गोल केला तर चार गुण आणि बचाववाल्याने केला तर सहा. शिवाय संघावर गोल झाला नाही तर बचाववाल्याला आणखी चार. म्हणजे पगार शिपायाचा, काम कारकुनाचं आणि भत्ते दोघांचेही! वर्षअखेर लुंडस्ट्रमचे १४४ गुण झाले.

मी वही काढली. १४४ भागिले ४, म्हणजे पौंडाला ३६ गुण. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने ३४४ गुण मिळवून या खेळातला विक्रम केला. पण त्याची सुरुवातीची किंमत साडेबारा, म्हणजे पौंडाला साडेसत्तावीसच. आणि ज्या २०१५-१६ च्या मोसमात लेस्टरने सगळ्या जगाला चकित करून विजेतेपद मिळवलं, त्या मोसमात त्यांचा रियाद महरेझ साडेपाचाला होता आणि गुण २४०. पौंडाला त्रेचाळीसच्या वर! फिक्स्ड डिपॉझिटला असा दर मिळाला असता तर आमच्या काउंटरपुढची रांग केळकर रस्त्यावर गेली असती.

"मग सगळे लुंडस्ट्रमच का घेत नाहीस?" मी म्हटलं.

"कारण मैदानात जागा अकराच असतात," चिरंजीव म्हणाले. "एका जागेवर एकच माणूस उभा राहतो. तिथून तीनशे चव्वेचाळीस हवेत की एकशे चव्वेचाळीस?"

पोराची प्रगती बरी आहे. नुसता दर पाहून व्यवहार करू नये, हे त्याला आमच्या पेठेतल्या अनेक ज्येष्ठांच्या आधी कळलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. खेळातल्या लुंडस्ट्रमचं आपण काही बुडवत नाही. चिरंजीवांनी त्याला चाराला घेतला म्हणून शेफील्डमध्ये त्याच्या पगारातून कोणी कापून घेत नाही. पण मराठी भाषा मोठी चतुर आहे. ती खेळाडूलाही गडी म्हणते आणि घरकामाला ठेवलेल्या माणसालाही. आणि खरा माणूस स्वस्तात मिळाला, की एक प्रश्न सुटत नाही: त्याचं मोल आणि त्याची किंमत यांतला फरक गेला कुणाच्या खिशात?

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. २०१७ च्या आयपीएल लिलावात पुण्याच्या रायझिंग पुणे सुपरजायंट संघाने बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं. त्याच लिलावात महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा राहुल त्रिपाठी पुण्याला दहा लाखांना मिळाला. म्हणजे एका स्टोक्सच्या पैशात १४५ त्रिपाठी. त्या मोसमात त्रिपाठीने ३९१ धावा केल्या आणि स्टोक्सने ३१६. स्टोक्सने वर बारा बळीही घेतले आणि तो मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला, हे मान्य. तरी माझी वही गप्प बसेना. त्रिपाठीची धाव पडली सुमारे २,५५८ रुपयांना, स्टोक्सची साडेचार लाखांच्या वर. पुण्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि २१ मे २०१७ ला हैदराबादेत मुंबईकडून एका धावेने हरला. त्या एका धावेचा दर मी काढलेला नाही. काही हिशेब न काढलेले बरे.

आता त्रिपाठीवर अन्याय झाला का? वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मुळीच नाही. दहा लाखांवर त्यानेच सही केली. आणि एक कोटी मागितले असते तर त्याला घेतला कोणी असता? स्वस्त होता म्हणून तर आत आला." काकांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. अनोळखी माणसाला स्वस्ताई हेच प्रवेशाचं तिकीट असतं. मीसुद्धा बँकेत त्याच तिकिटावर शिरलो.

शिवाय पुढच्याच वर्षी, २०१८ च्या लिलावात, राजस्थानने त्याच त्रिपाठीला ३ कोटी ४० लाख दिले. चौतीसपट! ऋतुराज गायकवाडचंही तेच. चेन्नईने २०१९ च्या मोसमासाठी आमच्या जिल्ह्यातल्या या पोराला २० लाखांना घेतलं. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा करून साऱ्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, चेन्नईला विजेतेपद मिळालं आणि पुढच्या मोसमासाठी त्याला सहा कोटी देऊन राखलं गेलं. म्हणजे बाजार उशिरा का होईना, हिशेब चुकता करतो. काका खूष झाले.

पण बाजार हिशेब करतो तो दोन गोष्टींच्या जोरावर. एक म्हणजे, प्रत्येक धाव लाखो लोकांसमोर फलकावर लागते. आणि दुसरी, ठरलेल्या काळाने पुन्हा लिलाव होतो. या दोन्ही गोष्टी ज्यांच्या नशिबी नाहीत, त्यांचं काय? कुठल्याही शाखेत एक शिपाई असा असतो, की कुठला अर्ज कुठल्या कपाटात आहे, कुठल्या पेन्शनर आजोबांना खुर्ची द्यायची आणि कुणाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, हे त्यालाच ठाऊक. तो रजेवर गेला की साहेबांना आपली शाखा परक्याची वाटते. त्याच्या धावा कुठल्या फलकावर लागतात?

आणि आमच्याकडे येणाऱ्या पोळ्यांच्या मावशी. त्याच मावशी वर काकांकडेही जातात. तोच हात, तीच कणीक, तीच पोळी. काका आमच्यापेक्षा दरमहा तीनशे रुपये कमी देतात आणि हे ते छत्रीच्या चालीवर चारचौघांत सांगतात. "अशा पोळ्या तुम्हाला या दरात अख्ख्या पेठेत मिळायच्या नाहीत!"

या वाक्याचा मी बराच विचार केला आणि मला वाटतं, सगळी मेख त्यातच आहे. मोल न ओळखून कमी पैसे देणारा माणूस अजाण असतो. त्याला क्षमा आहे. यादीत चार लिहिणाऱ्याला लुंडस्ट्रम काय करणार, हे माहीत नव्हतं. पण 'स्वस्तात मिळाला' म्हणून मिरवणारा एकाच वाक्यात दोन गोष्टी जाहीर करतो: मी इतके दिले, आणि याचं मोल त्याहून जास्त आहे हे मला ठाऊक आहे. पारख हा मोठा गुण आहे, पण तो फुकट नाही. एकदा पारख केली की 'मला कुठे माहीत होतं?' असं म्हणायची सोय संपते.

चिरंजीवांच्या खेळात एक मजेदार नियम आहे. घेतल्यानंतर खेळाडूचा भाव वाढला आणि तुम्ही त्याला विकलात, तर वाढीतला निम्माच भाग तुमच्या पदरात पडतो. उरलेला निम्मा कुठे जातो, असं मी विचारलं. "कुठेच नाही," चिरंजीव म्हणाले. मला वाटतं, तो निम्मा खरं म्हणजे गड्याचा आहे. पारख करणाऱ्याला निम्मा, पारखल्या गेलेल्याला निम्मा. यात कॉमर्सही शाबूत राहतं आणि माणुसकीही. सगळ्यांनाच सलाहचा भाव द्यावा, असं मी म्हणत नाही. तो देण्याइतका साडेचारचा माणूस कमावत नाही.

सौ.ने हा निबंध वाचलेला नाही, पण तिचा नियम याहून सोपा आहे. दर दसऱ्याला ती मावशींचे पैसे त्यांनी मागायच्या आधी वाढवते. मागितल्यावर वाढवले तर ती तडजोड झाली, असं तिचं मत. यंदाची वाढ ऐकून काका तडक खाली आले.

"वहिनी, तुम्ही सगळ्या इमारतीचा रेट बिघडवताय."

"बिघडवत नाही काका, दुरुस्त करतेय. बसा, पोळी खाऊन जा."

काका बसले. गरम पोळी, वर तुपाची धार. दुसरी पोळी संपवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काही म्हणा, मावशींच्या हाताला तोड नाही."

सौ. काहीच बोलली नाही. तिने फक्त तिसरी पोळी वाढली.